तीस मिली

सकाळी ७.१०

बस थांबते. मावशी आधी छत्री बाहेर काढतात, मग पाय. श्रावणातला सोमवार. पाऊस बारीक आहे, पण चार दिवस थांबलेला नाही. धायरीहून स्वारगेटपर्यंत बस, पुढं पंधरा मिनिटं पायी. रिक्षाला तीस रुपये पडतात, म्हणून पायी. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात डबा, पाण्याची बाटली, कमरेचा पट्टा आणि आत घालायच्या सपाता. डब्यात भगर आणि दाण्याची आमटी. आज उपास.

हॉस्पिटल पेठांच्या कडेला आहे. चाळीस खाटा, दोन थिएटरं. कागदावर मावशी ‘वॉर्ड अटेंडंट’ आहेत. तो शब्द इथं कुणी उच्चारत नाही. बाई असली की मावशी, बाप्या असला की मामा. साठी ओलांडलेले सर्जनही त्यांना मावशीच म्हणतात. मावशींचं वय बावन्न.

दहा वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सर्जनचं नाव आठवायला आज फाईल काढावी लागते. पण शुद्धीवर येताना कानावर पडलेला एका बाईचा आवाज अजून आहे. “झालं बरं का.” तो कुणाचा, हे तेव्हा विचारलं नाही. म्हणून आज मावशींच्या मागे मागे. हॉस्पिटलनं परवानगी दिली आहे. अट घातली आहे, की रुग्णाचं नाव लिहायचं नाही आणि पायात पायात यायचं नाही.

७.३०

मशीनवर बोट. मशीन बोट घेत नाही. साडीला पुसून पुन्हा. आता साडेसात ते साडेसात. पगार १३,५००. पीएफ आणि ईएसआयचे कापून हातात ११,७८०. चौदा वर्षं झाली.

निळा कोट, त्याखाली कमरेचा पट्टा. पट्टा स्वतःच्या पैशाचा, साडेचारशेचा. “ह्याच्याबिगर दुपारपर्यंत बी उभं ऱ्हावत न्हाई,” मावशी सांगतात. त्या मूळच्या भोरच्या डोंगरातल्या. बोली अजून तिकडची.

रिकव्हरीत दोन खाटा. मावशी फडकं मारतात, चादर ताणतात, सक्शनच्या नळीला अंगठा लावून बघतात. अंगठा आत ओढला गेला की मान डोलावतात. हे काम सिस्टरचं. सिस्टर पुन्हा तपासतेच. पण मावशींचा अंगठा आधी लागतो.

आज लिस्टवर पहिलं नाव स्लीव्हचं आहे. वजन कमी करायचं ऑपरेशन, जठर कापून बारीक करायचं. स्लीव्ह म्हटलं की खाटेची तयारी वेगळी. डोक्याकडची बाजू आधीच वर, लांबलेल्या आरामखुर्चीसारखी. बीपीचा मोठा पट्टा कपाटातून बाहेर. नेहमीचा पट्टा जाड दंडावर बसवला तर बीपी उगाच जास्त दाखवतो, आणि नसलेल्या बीपीवर औषध चालू होतं. पायाला गुंडाळायचे हवेचे पट्टे, त्यांचं यंत्र. किडनी ट्रे. दोन ब्लँकेट.

आणि गाऊन. हॉस्पिटलचा नेहमीचा गाऊन अशा पेशंटच्या पाठीमागे बांधला जात नाही. पाठ उघडी राहते. तीन वर्षांपूर्वी मावशींनी दोन गाऊन शिंप्याकडे नेले आणि उभे जोडून एक करून आणला. शिलाई साठ रुपये. मग आणखी एक. आता असे दोन आहेत. एक आजच्या पेशंटच्या अंगावर. दुसरा गच्चीत दोरीवर, तीन दिवस ओला.

८.२०

पेशंट चालत येते. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११८ किलो. पंधरा दिवस प्रोटीनचे शेक, ताक आणि सूप यावर काढलेत. त्यानं लिव्हरमधली चरबी उतरते. लिव्हर जठरावर पसरलेलं असतं. ते लहान आणि मऊ झालं की उचलून बाजूला धरणं सोपं जातं. पेशंट ताईंना हे सगळं पाठ आहे. हातात एक चौकोनी बॅग. तिच्यात रात्री झोपताना नाकाला लावायचं मशीन. झोपेत त्यांचा श्वास अडकतो.

भूलतज्ज्ञ मॅडम म्हणतात, “मशीन रिकव्हरीत ठेवा. बाहेर आल्यावर ते लागणार.” मावशी बॅग घेतात. पिशवीसारखी नाही, बाळासारखी.

ताई हळूच विचारतात, “मावशी, दुखतं का हो फार?”

“दुखतं की. पण पोटापेक्षा खांदा दुखंल.”

“खांदा?”

“व्हय. तवा घाबरायचं न्हाई, आधीच सांगते.”

ताईंना हे पटलेलं दिसत नाही. दार बंद होतं.

१०.०५

आत मी नव्हतो. बाहेर आलेला स्टीलचा ट्रे पाहिला.

त्यात पाण्याविना सुरकुतलेल्या फुग्यासारखं काहीतरी. एक कड धातूच्या बारीक टाचण्यांनी शिवलेली. जठराचा जवळजवळ पाऊण भाग. पाच छोट्या भोकांपैकी मोठ्या भोकातून ओढून काढलेला. मामांनी दारात उभं राहून ताईंच्या नवऱ्याला दाखवला. नवरा बघतो, मान वळवतो, पुन्हा बघतो.

“एवढंच?”

“एवढंच.”

मग तो तुकडा बरणीत जातो, फॉर्मॅलिनमध्ये, तपासणीला. बरणीवरच्या नावाचं स्पेलिंग मामा दोनदा जुळवतात.

भुकेचा निरोप मेंदूला पोचवणारं एक संप्रेरक बरंचसं जठराच्या याच वरच्या फुगीर भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूकच फारशी लागत नाही. मावशींच्या भाषेत, “भुकंची पिशवीच काढत्यात.” डॉक्टरही याहून फार वेगळं सांगत नाहीत. गंमत म्हणजे हे ऑपरेशन मुळात अर्धंच होतं. फार वजनाच्या रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया एकदम झेपत नसे. म्हणून २००० सालच्या आसपास आधी जठर तेवढं बारीक करून घ्यायचे, आतड्यांचं काम पुढच्या खेपेला. पुष्कळांना पुढची खेप लागलीच नाही.

१०.२०

फोन वाजतो. “बाहेर आणतोय.” सिस्टर ऑक्सिजन सुरू करते. मावशी ब्लँकेट उलगडून हातावर घेतात.

१०.२५

पाच जण. दोन मामा, मावशी, सिस्टर, आणि डोक्याशी मॅडम. ट्रॉली खाटेला चिकटवायची, दोन्हींची चाकं लॉक. मधे गुळगुळीत फळी. पेशंटच्या खालची चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळत अंगापर्यंत आणायची आणि मुठीत धरायची. माणसाला धरायचं नाही, चादरीला धरायचं. मॅडम मान आणि मास्क सांभाळतात. मोजणं त्यांचंच.

“एक, दोन, तीन.”

सरकलं. उचललं नाही, सरकवलं. नवीन पोरं उचलायला जातात आणि कंबर धरून बसतात.

मोठे मामा दम खातात. “ह्ये काहीच न्हाई. २०१७ ला मुंबईत इजिप्तची बाई आणली हुती. क्रेननं घेतली हुती आत.” ही गोष्ट ते प्रत्येक स्लीव्हला सांगतात. खरी आहे. त्या वेळी वर्तमानपत्रांनी तिचं वजन पाचशे किलोच्या घरात छापलं होतं. सिस्टर डोळे वटारते. पेशंटच्या डोक्याशी वजनाच्या गोष्टी नकोत. मामा गप्प.

१०.३०

श्वासाची नळी घशातून थिएटरमध्येच काढली आहे. काढण्याआधी मॅडमनी ताईंकडून डोकं उचलून पाच सेकंद धरून घेतलं. ताईंना यातलं काही आठवणार नाही. सहसा कुणालाच आठवत नाही. रुग्णाच्या हिशेबानं जाग इथं येते.

मावशी कानाशी वाकतात. ओरडत नाहीत.

“ताई. ओ ताई. झालं आप्रेशन. डोळं उघडा.”

काही नाही. पापणीखाली बुबुळ हलतं.

“आधी कान येत्यात,” मावशी मला सांगतात. “डोळं मागनं. म्हणून वंगाळ बोलायचं न्हाई हितं.”

पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. मी मोजतो. आठव्या वेळेला डोळे अर्धे उघडतात, छताला लागतात, मिटतात. मग एक प्रश्न येतो. आवाज घोगरा, कारण नळीनं घसा सोललाय.

“केव्हा... सुरू करणार?”

“झालं की. संपलं.”

“नाही. मी अजून... बाहेरच आहे.”

“झालं, ताई. साडेधा वाजल्यात.”

दोन मिनिटांनी पुन्हा. “केव्हा सुरू करणार?” मावशी पुन्हा सांगतात, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. मधले दोन तास ताईंच्या लेखी झालेलेच नाहीत.

१०.४०

थरथर. आधी हनुवटी, मग खांदे, मग सगळी खाट. दात वाजतात. ताप नाही. थिएटर गार, पोट उघडं आणि भूल शरीराची ऊब घालवते. मावशी एक ब्लँकेट पायावरून, दुसरं छातीवरून घेतात आणि दोन्ही पावलं हातात धरून ठेवतात. सिस्टर म्हणते, पावलं धरून थरथर थांबत नाही. मावशी म्हणतात, माहीत आहे. धरून ठेवतात.

पोटऱ्यांवरचे पट्टे आळीपाळीनं फुगतात. फुस्स. एक पाय. फुस्स. दुसरा. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे. ताई दचकतात, “कोण पाय दाबतंय?”

“मशीन हाय. फुकट मालिश.”

१०.५०

मळमळ. तोंडात पाणी सुटतं, चेहरा पांढरा पडतो. किडनी ट्रे मावशींच्या हातात आधीच आहे. तो कधी घेतला हे मला दिसलं नाही. जोराचे दोन उमाळे. बाहेर येतो चमचाभर तपकिरी फेस. सिस्टर वाकून बघते, लिहिते. एवढा चालतो, ताजं लाल रक्त चालत नाही. उलटीचं इंजेक्शन थिएटरमध्ये झालंय, तरी दुसरं सलाईनमधून.

ताई रडतात. दुखतंय म्हणून नाही. “कशाला केलं मी हे?”

मावशी तोंड पुसतात. उत्तर देत नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणतात, “निम्मी तरी आसंच म्हणत्यात. आत्ता जबाब दिला तर भांडान व्हतंय.”

११.००

सिस्टर उदगीरची. सव्वीस वर्षांची, पगार चोवीस हजार, त्यातले आठ खोलीभाडं. तिच्यासमोर एक तक्ता. हातपाय हलवते का, श्वास, बीपी, शुद्ध, ऑक्सिजन. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी नऊ झाले की खोलीत न्यायचं. आल्ड्रेट नावाच्या भूलतज्ज्ञानं १९७० मध्ये हा तक्ता मांडला. तेव्हा ऑक्सिजनच्या जागी कातडीचा रंग बघत. आता बोटाला चिमटा आहे.

आल्या आल्या पाच. दहा पन्नासला सात. आता आठ. ऑक्सिजन अडकतोय. डोळा लागला की घोरणं सुरू, घोरणं थांबलं की आकडा खाली. ९५, ९३, ९१. मॉनिटर ओरडतो.

“ताई, श्वास घ्या मोठा!” हे मात्र मावशी ओरडतात.

९४.

सिस्टर चौकोनी बॅग उघडते. घरचंच मशीन, घरचाच मास्क. पट्टे ओढून बसवते. हवा सुरू झाल्यावर पाच मिनिटांत ९७. ताई पहिल्यांदा शांत झोपतात.

११.४०

मावशी फाईल घेऊन खाली जातात, विम्याच्या खिडकीवर. नवरा तिथंच उभा आहे. थिएटरमधून आलेल्या कागदावर सहा स्टिकर चिकटवलेत. जठर कापता कापता शिवणाऱ्या स्टेपलरची सहा कार्ट्रिज लागली. एक ११,८०० ला. खिडकीतला मुलगा बोट ठेवून मोजतो. एकूण अंदाज ३ लाख २० हजार.

विमा मिळेल, कारण बीएमआय ४७.६ आहे. विम्याच्या नियमात ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत एखादा गंभीर आजार. भारतीय अंगकाठीसाठी इथले सर्जन वर्षानुवर्षं ३७.५ आणि ३२.५ धरत आले आहेत. ज्याचा आकडा या दोन रेघांच्या मधे पडतो, त्याला डॉक्टर हो म्हणतात आणि खिडकी नाही म्हणते. आज तसं कुणी रांगेत नाही.

नवरा मावशींना विचारतो, “बोलते का?”

“बोलत्यात. पाणी मागत्यात.”

“मग द्या ना.”

“न्हाई.”

१२.२०

नऊ गुण. दुसऱ्या मजल्यावर, खाट नंबर चार. ट्रॉली लिफ्टमध्ये. आतल्या पाटीवर ‘१५ व्यक्ती, १०२० किलो’. म्हणजे माणशी ६८. पाटी कुणी वाचत नाही, मीच वाचली.

पुन्हा पाच जण, पुन्हा फळी, पुन्हा चादर. आता नाव बदलतं. ताई इथून पुढं ‘चार नंबर’.

खोलीतलं टॉयलेट मावशी मला मुद्दाम दाखवतात. कमोड जमिनीवर पक्का बसवलेला. भिंतीला टांगलेले कमोड दिसायला छान, पण मजल्यावरच्या दुसऱ्या खोलीतला एक मागं खाली आला. सुदैवानं तेव्हा वर कुणी बसलेलं नव्हतं.

१.००

पाणी, पाणी, पाणी.

ओठ सुकून चिकटलेत. औषधांनी तोंडात लाळ नाही. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. मावशी गॉजचा तुकडा भिजवतात, पिळतात, ओठांवरून फिरवतात. ताई तो चोखायला बघतात. मावशी सफाईनं काढून घेतात. दर दहा मिनिटांनी हेच. तासाभरात गॉजचे सहा तुकडे. तेही बिलात जातात.

टेबलावर पाण्याची भरलेली बाटली होती, नवऱ्यानं ठेवलेली. मावशींनी ती उचलून नर्सिंग स्टेशनवर नेली. “नजरंसमोर ठेवायचं न्हाई.”

१.३०

खांदा. डावा.

“मावशी, हार्टॲटॅक तर नाही ना?”

“सकाळी काय सांगितलं हुतं?”

पोटात दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात. काढतात, तरी थोडा उरतो. तो वर जाऊन छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची दुखण्याची वाट एकच, म्हणून कळ खांद्यात. सिस्टर हे समजावते, पॅरासिटामॉलची बाटली लावते आणि तरीही ईसीजीची पट्टी काढते. पट्टी साफ. औषध फार नाही. वायू हळूहळू रक्तात विरतो, आणि हिंडलं फिरलं की कळ सैल पडते.

२.३०

“चला ताई. उठायचं.”

“आज?”

“आत्ता.”

चार तास होतात न होतात तोच. पण गुठळी, छातीत साचणारा कफ आणि खांदा, तिन्हींवर चालणं हाच उतारा. मावशी घाई करत नाहीत. आधी पोटावर उशी धरायला देतात. कुशीवर वळवतात. पाय खाली सोडतात. बसवून ठेवतात, पूर्ण दोन मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळात बघून. चक्कर येते. जाऊ देतात. पायात घरच्या चपला. हॉस्पिटलच्या सपाता बसत नाहीत, हे कालच फोन करून सांगितलेलं.

उभ्या. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला मावशी, मागे सलाईनचा स्टँड ढकलत नवरा. मावशींचा एक हात ताईंच्या कोपराखाली, दुसरा गाऊनच्या मागच्या नाड्यांवर. नाड्या नीट बांधलेल्या आहेत, तरी हात तिथंच.

स्टेशनपर्यंत बावीस पावलं. बावीस परत. मधे लांब ढेकर. ताई लाजतात.

“सोन्यासारखा ढेकर,” मावशी म्हणतात. “आजून द्या.”

३.१५

मावशींची जेवणाची सुट्टी अर्धा तास. जिन्याखाली बाकावर डबा. भगर गार झाली आहे. चार घास होतात तोच वरून हाक, तीन नंबरला बेडपॅन. परत येतात, उरलेली खातात. मग समोरच्या अमृततुल्यवर दहा रुपयांचा चहा. उपासाला चहा चालतो.

चौदा वर्षांत असे किती उठवले, विचारतो. “मोजलं न्हाई. आमच्या गावापेक्षा जास्त झालं आस्तील.” त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा गेलाय. ईएसआयच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा. मावशी हसतात. ६१ किलो आहेत.

४.३०

पाणी.

सहा तास झाले, सर्जन फोनवर हो म्हणाले. काही डॉक्टर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात, हे सहा तासांत देतात. औषध मोजायचा प्लास्टिकचा छोटा पेला, वर रेघ ३० मिलीची. मावशी रेघ डोळ्यासमोर धरून भरतात. आख्ख्या जठरात लिटरभर सहज मावायचं. आता उरलेली नळी दीडशे मिलीपर्यंतची, तीही सुजलेली.

“घोट न्हाई. ओठ भिजवायचा. पंधरा मिंटं पुरवायचा.”

स्ट्रॉ चालत नाही, त्यातून हवा जाते. ताई पेला दोन्ही हातांनी धरतात. पहिला थेंब. डोळे मिटतात. मग भुवया वर जातात आणि हात छातीच्या मधोमध.

“अडकलं.”

“अडकल्यावानी वाटतं. थांबा. जाईल.”

एक मिनिट. दीड. जातं.

तीस मिलीला अठरा मिनिटं लागली. बाटलीभर पाणी मागणाऱ्या बाईनं शेवटचे चार थेंब पेल्यात ठेवले. “नको आता. भरलं.” आपलाच शब्द ऐकून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

५.१०

सासूबाई येतात. स्टीलचा डबा. झाकण उघडण्याआधी मावशींना वास येतो.

“काय हाय आजी?”

“साबुदाण्याची खीर. पातळ केलीये अगदी. सोमवार आहे, उपाशीपोटी कसं ठेवायचं?”

“खाली ठेवा.”

आहारतज्ज्ञाचा कागद भिंतीला लावलाय. दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप. पुढं दोन आठवडे दूध, ताक, प्रोटीन, डाळीचं पाणी. मग घोटलेलं, मग मऊ. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. आजी कागद वाचतात, चष्मा काढतात, पुन्हा वाचतात. “म्हणजे दसऱ्याला श्रीखंड नाही?”

याचं उत्तर कागदावर नाही. खीर शेवटी नवऱ्यानं कॉरिडॉरमध्ये उभं राहून खाल्ली.

५.५०

नाडी ११४.

दुपारी ९० होती. सिस्टर स्वतः मनगट धरून पुन्हा मोजते. ११४. खोलीत तिचा चेहरा बदलत नाही. बाहेर येऊन फोन लावते तेव्हा आवाज बदललेला असतो. स्लीव्हच्या पेशंटला नाडी चढली की सगळे सावध होतात. शिवण कुठं गळत असली तर पोट दुखायच्या आधी नाडी पळते. १२० च्या वर गेली तर सर्जन घरून निघतात.

आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, जिने चढत येतात. ताप नाही. पोट मऊ. ड्रेसिंगं कोरडी. मावशी दारात उभ्या. विचारलं नव्हतं, तरी बोलतात.

“सर, सकाळपासून लघवी न्हाई झाल्याली. मगाशी नेलं तवा बी न्हाई झाली.”

सर ओटीपोटावर हात ठेवतात. ताई कळवळतात.

“न्या.”

टॉयलेट. मावशी नळ सोडून ठेवतात, दार लोटून बाहेर उभ्या राहतात. पाच मिनिटं. सात. मग आवाज. मग जगमधलं माप, ४५० मिली, सिस्टर लिहिते. वीस मिनिटांनी नाडी ९६. आरएमओ अर्ध्या तासानं पुन्हा बघायला सांगून जातात. मावशींना कुणी काही म्हणत नाही. त्या जग धुऊन पालथा घालतात.

६.४०

संध्याकाळचा राउंड. सर्जन येतात, ड्रेसिंगं बघतात, तीन गोळ्यांचं श्वासाचं खेळणं उलटं धरलेलं सुलट करून देतात. फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. ताई ओढतात. एक गोळी वर, दुसरी अर्धी. “छान. परवा घरी.” एकूण चार मिनिटं.

ताई मावशींना बोलावतात. “मला सकाळी कोण उठवत होतं? कुणीतरी सारखं झालं, झालं म्हणत होतं.”

“आसंल कुनीतरी.” मावशी उशी सरळ करतात. “आन् ऐका. उद्या काट्यावर उभं करतील. वजन वाढल्यालं दिसंल. रडायचं न्हाई. सलाईनचं पाणी आसतंय त्ये.”

७.३०

रात्रीच्या मावशी आल्या. बदली दोन वाक्यांत. “चार नंबर, नऊला चालवायचं. पाणी तीस-तीस, आन् खिरीवाली आजी खाली बसलीय, ध्यान ठेव.” मशीनवर बोट. आता पहिल्या झटक्यात घेतं.

जाण्याआधी मावशी गच्चीवर चढतात. दोरीवरचा मोठा गाऊन दाबून बघतात. अजून ओला. अंगावरचा ताई परवापर्यंत सोडणार नाहीत. उद्याच्या लिस्टवर दोन स्लीव्ह आहेत. एक सकाळी, एक दुपारी. लाँड्रीतून चार जुने गाऊन मागून घेतात आणि डब्यावर घडी करून पिशवीत भरतात.

८.०५

स्वारगेटच्या अलीकडे शिंप्याचं दुकान. निम्मं शटर ओढलेलं. मावशी वाकून आत जातात, गाऊन टेबलावर टाकतात. “दोनाचा एक. उभं जोडायचं. सकाळी सातला पायजेत.”

शिंपी शिलाईचे ऐंशी सांगतो. एकाचे. मागच्या वेळी साठ होते. मावशी घासाघीस करतात. पंचाहत्तरला येतो, खाली उतरत नाही. मावशी पर्समधून दीडशे रुपये काढून देतात आणि पावती मागतात. पावतीपुस्तक घरी आहे, उद्या देतो, असं तो म्हणतो.

उपास अजून सोडायचा आहे. धायरीची बस आठ वीसला आहे.